बाकी शून्य आली की मणी कुठला? (पाचवी स्कॉलरशिप, आकृतिबंध)

घुंगरू_हुपरी

नमस्कार. मुलगा पाचवीत आहे, स्कॉलरशिपला बसवलंय. भाषा, इंग्रजी बरं चाललंय. गाडी अडलीय ती आकृतिबंधाच्या शाब्दिक उदाहरणांवर. खरं सांगायचं तर तो अडलाय आणि त्याच्यामागं मीही.

मी घरी बसून पैंजणाच्या कड्या जोडते. तीन साध्या, चौथीला घुंगरू, परत तीन साध्या, परत घुंगरू. टीव्ही बघत बघत हात चालतो, चुकत नाही. म्हणून मला वाटलं, हे गणित तर आपल्या हातातलं आहे, मीच शिकवते. आणि तिथंच फसले.

उदाहरण असं होतं: माळेत लाल, लाल, निळा, पिवळा, हिरवा या क्रमानं मणी ओवलेत. ९० वा मणी कोणत्या रंगाचा? आधी मी त्याला सगळे रंग लिहून काढायला लावले. पान भरलं, मध्ये दोनदा एकच लाल लिहिला गेला, उत्तर भलतंच आलं. मग म्हटलं, पाचाचा गट आहे, पाचानं भाग. ९० ला ५ नं भागलं, भागाकार १८, बाकी ०. पोरगं माझ्याकडं बघत म्हणतंय, "आई, बाकी शून्य म्हणजे काहीच उरलं नाही. मग मणी कुठला सांगू?" आणि लाल लिहून मोकळा. त्याचं म्हणणं, गट संपला म्हणजे परत पहिल्यापासून.

उत्तर हिरवा आहे, ते मला कळतं. पण का, ते नीट सांगता येईना. म्हणून मी आपलं ठोकून दिलं, "शून्य आलं की गटातला शेवटचा. लक्षात ठेव." त्यानं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हे आलं: १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता, तर २६ जानेवारी १९५० ला कोणता वार? दोघांनी मिळून दिवस मोजले. १५ ऑगस्ट १९४९ पर्यंत ७३१ (१९४८ लीप वर्ष, ते त्यानंच सांगितलं). पुढं ऑगस्टचे १६, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे २६, म्हणजे १६४. एकूण ८९५. सातानं भागून बाकी ६. शुक्रवारपासून सहावा मोजला तर बुधवार. मागं उत्तर बघितलं तर गुरुवार. दिवस तीनदा मोजले, ८९५ च येतात. आता म्हणतोय, "तुझा नियमच चुकीचा हाय."

शिवाय तिसरं: त्याच माळेत पहिल्या ८७ मण्यांत लाल किती? त्यानं १७ गुणिले २ करून ३४ लिहिले. हे कुठं चुकलं ते मला सापडलं, पण वाराचं सापडत नाही. कुणी साध्या शब्दांत सांगेल का? माझं शिक्षण बारावी, तेही आर्ट्स.

खडू_फळा

ताई, तुमचा नियम बरोबर आहे आणि तुमची बेरीजही बरोबर आहे. चूक त्या दोघांच्या मध्ये आहे. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. दर वर्षी वर्गातली निम्मी पोरं नेमकी इथंच पडायची, तेव्हा तुमच्या मुलाला रागावू नका.

"९० वा मणी" म्हणताना आपण मणी मोजतो. पहिल्या मण्यालाच एक म्हणतो. "८९५ दिवसांनी" म्हणताना आपण दिवस मोजत नाही, एका दिवसावरून दुसऱ्यावर मारलेल्या उड्या मोजतो. शुक्रवारवर उभे आहोत तेव्हा शून्य उड्या झाल्या. एक उडी मारली की शनिवार, सहा मारल्या की गुरुवार. तुम्ही शुक्रवारलाच एक म्हटलंत, म्हणून एक घर मागं राहिलात.

मुलाला खांबांचं उदाहरण द्या. १०० मीटर रस्त्यावर दर १० मीटरला एक खांब, दोन्ही टोकांना धरून किती खांब? दहा म्हणेल. चित्र काढलं की अकरा दिसतील. मोकळ्या जागा दहाच.

आता गंमत बघा. १५ ऑगस्टलाही मणी समजा, पहिला मणी. मग २६ जानेवारी हा ८९६ वा मणी झाला. ८९६ भागिले ७, भागाकार १२८, बाकी शून्य. तुमच्याच नियमानं गटातला शेवटचा, आणि शुक्रवारपासून सुरू होणाऱ्या आठवड्यातला शेवटचा वार गुरुवार. म्हणजे नियम तोच राहिला, फक्त पहिला दिवस मोजायचा राहून गेला होता.

पाठ करून घेण्यापेक्षा उदाहरण वाचल्यावर एकच प्रश्न विचारायची सवय लावा: नग मोजायचेत की उड्या? माझी पोरं पेपरच्या कडेला पेन्सिलनं "न" किंवा "उ" लिहायची.

८७ च्या उदाहरणात १७ पूर्ण गटांचे ३४ आणि उरलेल्या दोन मण्यांपैकी दोन्ही लाल, म्हणून ३६. उरलेले मणी कुठले ते बोट ठेवून बघायचं, अंदाजानं सोडायचं नाही.

शून्यापासून_एक

गुरुजींनी छान सांगितलं. आमच्याकडं सॉफ्टवेअरमध्ये शून्य बाकीचा हा घोळ सहसा नसतो, कारण आम्ही बहुतेक वेळा मोजणीच शून्यापासून सुरू करतो. ९० व्या मण्याचा नंबर ८९. ८९ ला ५ नं भागून बाकी ४. लाल ०, लाल १, निळा २, पिवळा ३, हिरवा ४. आलं हिरवा. शून्य बाकीला वेगळा नियम लागतच नाही, बाकी हाच थेट पत्ता. मुलाला हेच शिकवा, पुढं कोडिंगला उपयोग होईल.

खडू_फळा

साहेब, युक्ती पक्की आहे, पण दहा वर्षांच्या पोराला "पहिल्या मण्याचा नंबर शून्य" सांगून बघा एकदा. तो परीक्षेत दोनदा एक वजा करून येईल. (माझ्या नातवानं केलं. बाप तुमच्याच लाईनमध्ये आहे.)

ठेका_सोळा

मी तबला शिकवतो. गणितातलं मला विचारू नका, पण "शून्य आलं की परत पहिला" ही त्या मुलाची चूक माझ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याची असते, म्हणून लिहितोय.

तीनताल सोळा मात्रांचा, सोळा झाल्या की एक आवर्तन. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. मी विचारतो, तीन आवर्तनं पूर्ण झाली, हात कुठल्या मात्रेवर थांबला? सगळे म्हणतात, समेवर. कारण कानाला समेवर आल्याशिवाय काही पुरं झाल्यासारखं वाटतच नाही. तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवायचा) समेवर येते, दाद समेवर मिळते. पण सम ही पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा. तीन आवर्तनं म्हणजे ४८ मात्रा, आणि ४८ वी मात्रा ही सोळावी, शेवटचा "धा". सम म्हणजे ४९ वी.

तेव्हा मुलाला गट पुरा झाल्याची जी जाणीव होते ती खोटी नाही. त्याचा कान एक मात्रा पुढं गेलाय, इतकंच. त्याला हातावर टाळी देत पाच रंग म्हणायला लावा. "हिरवा" म्हणून झाल्यावर तोंड गच्च मिटायचं. जिथं तोंड मिटलं, तो शेवटचा मणी.

पंचांगवाले_काका

थोडं विषयांतर, पण याच धाग्यातलं. गुढीपाडव्याला संवत्सराचं नाव वाचतो ना, ते साठांचं चक्र आहे, प्रभवपासून क्षयपर्यंत. शक वर्षात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी येईल तितकावं नाव. शके १९४७ घ्या. १९५९ भागिले ६०, बाकी ३९, एकोणचाळिसावं विश्वावसू. बाकी शून्य आली तर साठावं, क्षय. इथंही शून्य म्हणजे शेवटचाच.

ते १२ कशाला? शके १ ला चक्र प्रभवपासून सुरू झालं असं धरलेलं नाही, तेरावं नाव चालू होतं. पुस्तकात "पहिले दोन मणी पांढरे, नंतर क्रम सुरू" असली उदाहरणं असतात, त्यांची हीच गोम. तिथं आधी दोन वजा करायचे, इथं आधी बारा मिळवायचे. मग भागायचं.

घुंगरू_हुपरी

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, घरी लग्नसराईचं काम होतं.

"न" आणि "उ" सगळ्यात आधी चिकटलं. आता प्रत्येक उदाहरणाच्या कडेला लिहितोय. कधी कधी दोन्ही लिहितो आणि एक खोडतो, पण विचार करतोय एवढं नक्की. टाळीचं पण केलं. ते बघून धाकटी पण "हिरवा" म्हणून तोंड मिटून घरभर फिरतेय. सॉफ्टवेअरवाल्या दादांची पद्धत मी स्वतःपुरती ठेवलीय, मला ती आवडली.

पण खरी गोष्ट काल रात्रीची. मी पितळी ताटलीत कड्या घेऊन बसले होते. मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला आणि विचारतो, "एका पैंजणाला कड्या किती?" म्हटलं, या मापाला सत्तेचाळीस. त्यानं ओठ हलवत हिशोब केला. चौकाचा गट, ४७ भागिले ४, भागाकार ११, बाकी ३. "अकरा घुंगरं आणि शेवटाला तीन साध्या." मी एक पुरं झालेलं उचलून मोजलं. अकराच.

मग म्हणतो, "अठ्ठेचाळीस का नाही घेत? बाकी शून्य आली असती, बारा घुंगरं बसली असती."

मला उत्तरच येईना. मला सासूबाईंनी सत्तेचाळीस सांगितलं होतं, मी बारा वर्षं सत्तेचाळीसच जोडतेय. त्यानं पैंजण ताटलीत सरळ पसरलं आणि दोन्ही टोकांवर बोट ठेवलं. एका टोकाला तीन साध्या, मग घुंगरू. दुसऱ्या टोकाकडनं आलं तरी तीन साध्या, मग घुंगरू. अठ्ठेचाळीस घेतल्या असत्या तर एका बाजूला घुंगरू थेट फाशाला (पैंजण अडकवायच्या टोकाला) चिकटलं असतं आणि पैंजण एकीकडं जड दिसलं असतं.

मग दुसरी मापं काढून बघितली. लहान पोरीचं ३५. मधलं ४३. मोठं ५१. सगळ्यांना चारानं भागून बाकी तीनच. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या, त्यांना उठवून विचारायला निघाला होता, मीच थांबवलं. सकाळी विचारलं तर म्हणाल्या, "त्यात काय, आमच्या वेळेपासून तसंच हाय."