अनुभव धागा : दणकट टॉर्च, जो वेळ पडली तर स्वसंरक्षणालाही कामी येईल

बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्यात विचारलंय म्हणून शेवटी एकत्र धागा काढतेय. रात्री उशिरा एकटीने/एकट्याने येणारे, रात्रपाळीवाले, लांबचं ड्रायव्हिंग करणारे, पहाटे अंधारात फिरायला जाणारे, ट्रेकवाले सगळ्यांनी लिहा. तुमच्याकडे कुठल्या प्रकारचा टॉर्च आहे, निवडताना काय बघितलं, आणि खरंच कधी गरज पडली का. ऐकीव नको, व्हिडिओत बघितलेलंही नको, स्वतःचं लिहा. माझा कंपनीवरून भांडायला विरोध आहे, त्यासाठी वेगळा आखाडा काढा :)

माझ्यापुरतं सांगायचं तर मोबाईलचा टॉर्च पुरतो असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जी वस्तू कोणी हिसकावेल अशी भीती असते तीच आपण उजेड पाडत हातात धरून चालतो, आणि फोन लावायची वेळ आली की उजेड गेलाच समजा. शिवाय तो लागतो कसा, तर स्क्रीन उघडा, खाली ओढा, चिन्ह शोधा. एवढ्या वेळात समोरचा येऊन जातोसुद्धा.

रात्रपाळी

नर्स आहे, ड्युटी संपते तेव्हा पार्किंगमध्ये चिटपाखरू नसतं. माझा टॉर्च तळहातापेक्षा थोडा लांब, जाडी दोन बोटं, बटण मागच्या टोकाला. हे मागचं बटण फार महत्त्वाचं आहे, मुठीत टॉर्च धरला की अंगठा आपोआप त्याच्यावर येतो, बघावं लागत नाही, चाचपडावं लागत नाही. अर्धवट दाबलं की लागतो, सोडलं की बंद, पूर्ण दाबून टक्क आवाज आला की लागलेलाच राहतो. घेताना हे दुकानात करून बघा कारण काही टॉर्चची बटणं उलटी चालतात, आधी पूर्ण दाबून सोडावं तेव्हा लागतात, ती मला नको वाटतात.

प्रसंग म्हणाल तर एकदा दोन गाड्यांच्या मधून एक माणूस सरळ माझ्याकडेच यायला लागला, मी थांबले, हात शरीरापासून जरा बाजूला लांब धरला आणि झोत थेट तोंडावर टाकला, आणि मोठ्याने म्हटलं "दादा, तिथूनच बोला." त्याने पटकन हात डोळ्यांवर घेतला, मान फिरवली, दोन पावलं मागे गेला. मी तोपर्यंत गाडीत बसून दार लॉक केलेलं होतं. तो कोण, त्याला काय हवं होतं, नुसती किल्ली शोधत होता का, मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायला थांबले पण नाही.

असं का होतं तर अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि सरावलेल्या डोळ्यावर जोराचा झोत आला की ते सगळं क्षणात जातं, काही सेकंद समोर नुसता पांढरा डाग दिसतो. तेवढे सेकंद आपले. हात बाजूला धरण्याचं कारण हे की समोरच्याला उजेड जिथून येतो तिथेच आपण आहोत असं वाटतं.

खटपट्या

ताई छान लिहिलंय. आता जरा आकड्यांचं बोलतो कारण खोक्यावर जे छापतात त्यात बडा घर पोकळ वासा असतो.

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो, आणि कँडेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटलाय. समोरच्याचे डोळे दिपवायचे तर दुसरा आकडा बघा. ५०० ल्युमेनचा चांगला घट्ट झोत १५०० ल्युमेनच्या पसरट उजेडाला भारी पडू शकतो. टॉर्च मोजण्याचं एक अमेरिकन मानक आहे, एएनएसआय एफएल १, २००९ साली आलं, चांगल्या कंपन्या तेच चिन्ह छापतात. त्यात झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्स (एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप) उरतो तिथपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. त्यामुळे "२०० मीटर" लिहिलं असेल तर २०० मीटरवर चेहरा ओळखू येईल असं समजू नका. गणित सोपं आहे, कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, १०,००० कँडेला म्हणजे १०० चं दुप्पट, २०० मीटर. खोक्यावरचे आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर तिथेच कळतं की माल कसा आहे.

दुसरं म्हणजे छोट्या टॉर्चमधून हजार-दोन हजार ल्युमेन सतत मिळत नाहीत, गरम होतो म्हणून सर्किट स्वतःच उजेड कमी करतं, बऱ्याचदा पहिल्या एक-दोन मिनिटातच. डोळे दिपवायला काही सेकंदच हवेत त्यामुळे इथे चालतं, पण तासभर चालायचं असेल तर कमी केल्यावर किती उरतो ते विचारा.

तिसरं, सेल. १८६५० हा चार्जिंगचा लिथियम सेल, १८ मिमी जाड ६५ मिमी लांब म्हणून ते नाव. त्याच्यावर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेलं दिसलं तर परत ठेवून द्या, या मापात ३५०० च्या आसपास खरा सेल असतो. खोटा सेल नुसता लवकर संपतो असं नाही, त्यात सुरक्षेचं सर्किट नसेल तर धोकाही आहे.

मुसाफिर

रात्रीची गाडी चालवतो. मला तुमचे हे छोटे बोटाएवढे टॉर्च पटत नाहीत बुवा. सीटखाली लांब अॅल्युमिनियमचा चार सेलवाला आहे, मोठे डी सेल. एक सेल साधारण १४० ग्रॅम, म्हणजे नुसते सेलच अर्ध्या किलोच्या वर, वरून नळी. हातात घेऊन खाली उतरलं की समोरचा आवाज खाली घेतो, हा अनुभव आहे. टायर बघायला वाकलं तरी एक डोळा मागे असतो, तेव्हा हातात वजन असलेलं बरं. मॅगलाइट नावाचा असाच टॉर्च १९७९ साली आला तेव्हापासून हा प्रकार चालत आलाय, अमेरिकन पोलीसच वापरायचे, ते काय वेडे होते का.

एक गोष्ट मात्र खरी की साधे अल्कलाइन सेल आत तसेच पडून राहिले तर फुटतात, पांढरी पावडर येते आणि नळीत असे चिकटून बसतात की ठोकून पण निघत नाहीत. वापर नसेल तर काढून ठेवा.

दंडबैठक

मुसाफिर दादा, ते पोलिसांचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. २००४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका पकडलेल्या माणसाला पोलिसाने अशाच मोठ्या टॉर्चने मारलं, ते टीव्हीच्या कॅमेऱ्यात आलं, एवढा गदारोळ झाला की २००७ पासून तिथल्या पोलिसांना मुद्दाम लहान, हलके टॉर्च द्यायला सुरुवात झाली, मारायला उपयोग होऊ नये म्हणूनच. वेडे नव्हते, पण शिकले.

मी स्वसंरक्षणाचे वर्ग घेतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. एवढं वजन कोणाच्या डोक्यात बसलं तर कवटी फुटू शकते, माणूस जाऊ शकतो, आणि मग तुम्ही स्वतःला वाचवलंत की हल्ला केलात हे दुसरेच लोक ठरवतात. टॉर्च बाळगणं जवळपास कुठेही गुन्हा नाही, पण तो "मारायला ठेवलाय" असं तुम्हीच बोलून बसलात तर काही ठिकाणी त्याला हत्यार धरतात. धोका टळला तरी मारत राहिलात तर बचाव संपला. आपापल्या भागातला कायदा वाचून घ्या.

वर्गात मी शिकवतो ते असं. टॉर्च उभा मुठीत, काच करंगळीच्या बाजूने बाहेर, अंगठा बटणावर. उजेड, ओरडणं आणि सरकणं या तिन्ही गोष्टी एकदमच करायच्या. उजेड टाकून जागेवर उभं राहिलात तर डोळे सावरल्यावर तो तिथेच येणार आहे! पकडलंच तर त्याच मुठीने वरून खाली, हातोडा मारतो तसं, त्याच्या मनगटावर, बोटांच्या हाडांवर, मांडीवर, पकड सुटेपर्यंत. पकड सुटली की पळा. नवीन मुलं हमखास टॉर्च इतका आवळून धरतात की बटण दाबायचा अंगठाच हलत नाही, म्हणून सराव अंधाऱ्या खोलीत आणि घाम आलेल्या हाताने करा. गुळगुळीत नळी ओल्या हातातून सटकते, खाचा असलेली घ्या. मनगटाला न सुटणारी पक्की दोरी नको, कोणी टॉर्च ओढला तर तुम्ही पण ओढले जाता.

आणि हो, भर उजेडात यातलं डोळे दिपवणं विसरा, तिथे तो नुसता धातूचा तुकडा.

निवांत

मी निवृत्त, पहाटे अंधारात फिरायला जातो. वरचं सगळं वाचून दमलो :) मला चोरापेक्षा खड्ड्याची भीती जास्त आहे, या वयात पडलो की सगळंच संपलं. म्हणून मी पसरट उजेडाचा, दोन साध्या पेन्सिल सेलचा घेतला, एकच बटण, कमी आणि जास्त एवढंच. लेकाने आधी एक आणून दिलेला, त्याला एकदा दाबलं की जास्त, दोनदा दाबलं की कमी, तीनदा की लुकलुक, धरून ठेवलं की आणखी काहीतरी. तो त्यालाच परत दिला. कुत्री मागे लागतात तेव्हा उजेडाचा उपयोग होतो का विचाराल तर कधी होतो कधी नाही, एखादं बिचकून थांबतं, एखादं जास्तच भुंकतं. मी उजेड जमिनीवर त्याच्या पुढ्यात टाकतो, पाठ न करता हळूहळू मागे सरतो, पळत नाही.

लेकीचीआई

काका, पटलं अगदी. लेक बाहेर राहते, तिला दिला तेव्हा एक वेगळाच त्रास झाला, पिशवीत बटण आपोआप दाबलं जायचं, सेल संपायचा, एकदा तर आतलं कापड तापून वास यायला लागला. मग कळलं की मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की कितीही दाबा लागत नाही, चांगल्या टॉर्चच्या आट्यांवर विजेला अडवणारा थर असतो म्हणून. पण मग ऐन वेळी झाकण आवळत बसणार का? शेवटी ज्याचं बटण कडेपेक्षा जरा खोलगट आहे असा घेतला आणि प्रश्न मिटला. आता ती तो पिशवीच्या तळाशी टाकते, ते कसं सोडवायचं सांगा कोणीतरी. बोलून थकले.

शंकासुर

जरा उलटं लिहितो. पुढे दातेरी कडा असलेले टॉर्च, "हल्लेखोर पळून जाईल" वगैरे जाहिरात, माझ्या मते ८०% दिखाऊपणा. दात्यांनी माझ्या दोन पँटचे खिसे फाडले. विमानतळावर एक काढून घेतला, वाद घालून उपयोग नव्हता, तपासणीवाल्याला ते टोकदार वाटलं तर वाटलं. (सुट्टे लिथियम सेल मात्र केबिनच्या बॅगेतच ठेवावे लागतात, मोठ्या बॅगेत चालत नाहीत.) दात्यांचा मला दिसलेला एकच फायदा म्हणजे टॉर्च उपडा ठेवला तर फटीतून उजेड दिसतो आणि चालू राहिलाय हे कळतं.

लुकलुकणारा स्ट्रोब पण तसाच. चांगला असेलही, पण तीन वेळा दाबून येत असेल तर काय कामाचा. आणि त्यात आपल्यालाच समोरचा नीट दिसत नाही, त्याच्या हातात काय आहे हे मला बघायचं असतं! शिवाय सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणाऱ्या उजेडाने काहींना फेफरं येऊ शकतं, घरात पोरांवर गंमत म्हणून मारू नका.

पायवाट

ट्रेकवाल्यांच्या बाजूने थोडं. दणकट म्हणजे काय तर आधी एलईडी, त्यात तुटायला तार नाही, जुन्या बल्बचे टॉर्च पडले की गेले. मग दोन्ही टोकांना स्प्रिंग, पडल्यावर सेल हलून बंद पडत नाही. पाणी कितपत अडवतो ते आयपीएक्सच्या आकड्यावरून कळतं, आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, आयपीएक्स ४ म्हणजे नुसते शिंतोडे. माझा कड्यावरून दगडांवर आपटत ओढ्यात गेला, वर काढला तेव्हा चालू होता, काचेच्या कडेला पोचा आणि काळा रंग खरवडून आतलं पांढरं अॅल्युमिनियम दिसतं तेवढंच. आट्यांतलं रबरी कडं मात्र अधूनमधून पुसून सिलिकॉन ग्रीस लावतो, ते वाळलं की पाणी आत. धुक्यात घट्ट झोत फेकला की समोर पांढरी भिंत, तिथे पसरट आणि कमी उजेडच बरा, तोही कमरेच्या खाली धरून.

रात्रपाळी

@लेकीचीआई, मागे क्लिप असलेला घ्या आणि खांद्याच्या पट्ट्याला बाहेरून अडकवायला सांगा, ज्या हाताने लिहिते त्याच्या विरुद्ध खांद्यावर, म्हणजे हात छातीवरून आडवा गेला की सरळ हातात. आणि तिला तो रोज वापरू दे, कुलूप उघडायला, स्कूटरखाली पडलेलं शोधायला. नुसता संकटासाठी म्हणून ठेवलेला तळाशीच जातो आणि चार्ज पण नसतो.

लेकीचीआई

बघते सांगून. क्लिप उलटसुलट लावता येते का तेवढं कळवा, तिची डाव्या हाताची सवय आहे.