उत्तर: कोलायटिसवर सीबीडी तेल

प्रश्न असा: सांगलीच्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह आणि व्रण) आहे, त्यावरचं नेहमीचं औषध मेसालामिन सोडून सीबीडी (गांजाच्या झाडातला नशा न आणणारा घटक) तेल घेतलं तर चालेल का?

सोडू नका. आधी मात्रेचा हिशोब बघा. 10 मिलीच्या 5 टक्के बाटलीत 500 मिग्रॅ सीबीडी, थेंबाला साधारण अडीच मिग्रॅ. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 60 रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना सीबीडीप्रधान अर्क दिवसातून दोनदा, 50 पासून 250 मिग्रॅपर्यंत वाढवत दिला. म्हणजे वरच्या टोकाला रोज जवळपास एक बाटली! तरी 10 आठवड्यांनी रोग शमलेले 28 टक्के, औषध नसलेल्या नकली कॅप्सूलवर 26. चक्कर येते म्हणून मात्रा पेलवली नाही, असेही बरेच. दुकानातलं हेम्प बियांचं तेल तर वेगळंच. त्यात सीबीडी नावापुरतं.

खरा धोका अशा तेलात असू शकणाऱ्या टीएचसीचा, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचा. ते आतड्याची हालचाल मंद करतं, जुलाब थांबतात, भूक लागते, भावाला वाटणार बरा झालो. आतले व्रण तसेच. क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहरोगावर 2013 च्या इस्रायली चाचणीत टीएचसीयुक्त गांजाने लक्षणं उतरली, पण सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) हललं नाही. म्हणून लक्षणांवर जाऊ नका, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या दाहाची खूण) तपासा. 250 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर असेल तर दाह चालूच आहे. गांजा एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात येतो, ते वेगळंच.

तरीही घ्यायचंच असेल तर मिरजेतल्या पोटविकारतज्ज्ञांना सांगून, एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) बघूनच. टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर सीबीडीने त्याची रक्तातली पातळी चढते.

आणि हळद? रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) मेसालामिनच्या जोडीला, याचा पुरावा सीबीडीपेक्षा बरा आहे. पण हळदीत ते 3 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे रोज 100 ग्रॅम पूड. सांगलीची राजापुरी हळद असली तरी खाववणार नाही.