व्होल्यूट केसिंग: एक लॉफ्ट करून शेल, की आत-बाहेर दोन लॉफ्ट?

केसिंगवाला

काल 'एका_क्लिकात' यांनी इथे लिहिलं की कॅडमध्ये (थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये) पंपाच्या केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, आतून एक आणि बाहेरून एक असे दोन लॉफ्ट (एकामागून एक सेक्शन जोडून केलेला आकार) करत बसणाऱ्यांना सॉफ्टवेअर येत नाही. बाहेरचा आकार लॉफ्ट करा, शेलमध्ये (सॉलिड पोकरून ठरावीक जाडीची भिंत ठेवणारी कमांड) ८ मिमी टाका, पाच मिनिटांत केसिंग तयार. खाली लगेच वाहवा सुरू. नवीन मुलं हे वाचतात आणि तसंच करतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

व्होल्यूटला, म्हणजे इंपेलरभोवती (पंपातलं फिरतं चाक) मोठ्या होत जाणाऱ्या सर्पिल केसिंगला, जीभ असते. सर्पिल जिथे सुरू होतं आणि डिस्चार्जचा गळा जिथे त्याला घासून बाहेर पडतो, तिथली धातूची पाचर. ती बाहेरून दिसतच नाही, दोन पाण्याच्या वाटांमध्ये लपलेली असते. बाहेरच्या आकाराला आतून शेल मारला तर शेलला जीभ कळणार कशी? जिथून ऑफसेट (ठरावीक अंतरावरची समांतर प्रत) घ्यायचा तो फेसच, म्हणजे पृष्ठभागच, तिथे नाही. आत नुसती पोकळी मिळेल, पंप मिळणार नाही.

बरं, उलटं करू. पाण्याचा मार्ग सॉलिड करून बाहेरच्या बाजूने शेल मारू. आता जिभेच्या दोन्ही अंगांनी ८-८ मिमी भिंत आत शिरते आणि जीभ टोकाला ६ मिमीची. सोळा मिमी तिथे मावत नाही. फेस एकमेकांत घुसतात आणि बहुतेक वेळा फीचर लाल होतं, म्हणजे एरर येतो. मग लोक जाडी ७.९, ७.५, ७ करत बसतात आणि सॉफ्टवेअरला शिव्या देतात.

मी आधी फक्त पाण्याचा मार्ग काढतो. शाफ्टच्या अक्षातून जाणारी आठ प्रतलं, ४५ अंशांवर. वेग सगळीकडे सारखा धरला तर क्षेत्रफळ कोनाच्या प्रमाणात वाढतं: गळ्याला ४००० चौ. मिमी असेल तर ९० अंशांवर १०००, १८० वर २०००. प्रत्येक स्केचमध्ये रेषा आणि चाप तितकेच आणि त्याच क्रमाने हवेत. पहिल्या छोट्या सेक्शनला जागा नाही म्हणून कोपऱ्यांचे चाप उडवले की तिथूनच पीळ पडायला लागतो. गाईड कर्व्ह (लॉफ्टला वाट दाखवणारे वक्र) तीन: बाहेरचं सर्पिल आणि आतल्या वर्तुळाच्या दोन कडा. बाहेरचं अंग वेगळं सॉलिड करायचं आणि त्यातून मार्ग वजा करायचा. जीभ आपोआप उरते, टोकाला हवी ती त्रिज्या द्या.

एका_क्लिकात

माझं नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. मी 'केसिंग' लिहिलं होतं. तुम्ही सोयीने जीभ पकडलीत.

आता तुमच्या दोन लॉफ्टची गोष्ट. आधीच्या नोकरीत मला अशीच फाइल वारशाने मिळाली होती. आतला मार्ग वेगळा, बाहेरचं अंग वेगळं, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. इंपेलर मोठा झाला, आतले सेक्शन बदलले, बाहेरचे तसेच राहिले. मॉडेल हिरवंगार, एक एरर नाही. कास्टिंग आलं, हायड्रोटेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) लावलं तर गळ्याखालून पाझरायला लागलं. कापून बघितलं तर भिंत ५ मिमी. शेल असता तर हे झालंच नसतं. जाडी एका आकड्यात, एका ठिकाणी. पॅरामेट्रिक म्हणजे हेच ना? का नुसती स्केच रंगवायची?

केसिंगवाला

त्या फाइलचा दोष दोन लॉफ्टच्या माथी मारू नका. बाहेरचं प्रत्येक स्केच आतल्या स्केचचा ८ मिमी ऑफसेट म्हणून काढायचं आणि तो ८ एका ग्लोबल व्हेरिएबलला बांधायचा. आत बदललं की बाहेर बदलतं. ज्याने ती फाइल केली त्याने स्केच सुटी सोडली होती.

सरफेसवाली

दादा, स्केचमधला ८ म्हणजे भिंतीचा ८ नव्हे. तुम्ही प्रतलात मोजताय, भिंत मात्र प्रतलाला तिरकी जाते. खरी जाडी म्हणजे ८ गुणिले त्या कोनाचा कोसाइन. डिस्चार्जच्या शंकूला एका बाजूला ४ अंश असतील तर ७.९८, कोणी विचारणारही नाही. पण गळ्यानंतर जिथे मार्ग वळतो आणि प्रतल वाटेला काटकोनात नसतं, तिथे ३० अंश सहज होतात. मग ६.९३. एक मिलिमीटर गेला आणि मॉडेल हिरवंच. वरच्या साहेबांची पाझरणारी जागा नेमकी गळ्याखालीच होती, हे लक्षात घ्या.

आम्ही मार्गाच्या सॉलिडचे फेस ऑफसेट सरफेसने बाहेर घेतो, जिभेजवळचे फेस सोडून. उरलेली फट बाउंड्री सरफेसने भरायची, निट करायचं (सगळे तुकडे शिवून एक करायचे), सॉलिड करायचं, मार्ग वजा. जाडी सगळीकडे लंब दिशेने खरी येते आणि जीभही राहते. वेळ जास्त जातो. पण हा एका क्लिकचा भाग नाहीच.

थ्रीडी_छपाई

मी तर फुलदाण्या, दिवे, बाइकचे एअर डक्ट सगळं लॉफ्ट आणि शेलने करतो. दोन मिमी, कधी अडलं नाही. पंपवाले उगाच गुंतागुंत करतात असं वाटतं.

केसिंगवाला

फुलदाणीत पाणी एकाच वाटेने जातं, भाऊ.

शिरोली_पॅटर्न

७.९८ का ८ यावर काय भांडायलाय. साच्यात कोअर (पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा) एक मिमी सरकला की एका अंगाला सात, दुसऱ्या अंगाला नऊ. बाहेरचं अंग पॅटर्नातनं (वाळूत ठसा उठवायच्या नमुन्यातनं) येतं, आतलं कोअरातनं. दोन्ही वेगळी हत्यारं आहेत. तुमचं शेलवालं केसिंग स्टेप फाइल होऊन आमच्याकडं येतं तेव्हा त्यात ना लॉफ्ट ना स्केच, नुसता मुका गोळा. मग आम्ही काय करतो? आतले फेस एक एक निवडून पोकळी परत सॉलिड करायची, त्याला कोअर प्रिंट (कोअर साच्यात टेकायचे खुंट) लावायचे, कास्ट आयर्नला सुमारे एक टक्का आकस (गार होताना आक्रसतं म्हणून जादा माप) द्यायचा, ड्राफ्ट (साच्यातनं सुटायला उतार) द्यायचा. जो मार्ग तुमच्याकडं आधीच सॉलिड होता तो टाकून देऊन आम्हाला खोदायला लावता. पाण्याचा मार्ग वेगळा पाठवा, तोच आमचा कोअर.

आमचे वडील पॅटर्नमिस्त्री. ड्रॉइंगवर आठ सेक्शन असायचे. प्रत्येकाचा प्लायचा साचा कापायचा, पाटावर ४५ अंशांवर उभा करायचा, मधे सागवान भरायचं आणि साचा ते साचा लाकूड उतरवत न्यायचं. तळहात फिरवला की कुठं फुगवटा आहे ते त्यांना कळायचं. आता क्लासमधनं सर्टिफिकेट घेऊन पोरं येतात. लॉफ्टचं बटण कुठं आहे ते माहीत. दोन सेक्शनच्या मधे आकार काय होणार, विचारलं तर गप्प.

क्लासचे_सर

कोणीही उठतं आणि क्लासवर बोट ठेवतं. मी गेली अनेक वर्षं शिकवतोय. तीन महिन्यांच्या कोर्सला पालक पहिल्या दिवशी विचारतात, नोकरी कधी? मुलाखतीत कंपन्या विचारतात एक्सट्रूड, रिव्हॉल्व्ह, शीट मेटल, ड्रॉइंगवरचं टॉलरन्स. लॉफ्ट कोणी विचारत नाही. फ्रेशरला व्होल्यूट द्यायची तुमच्यापैकी कोणाची तयारी आहे? सेक्शन ऑफ सॉलिड्स आणि डेव्हलपमेंट हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असतं. ते पास होण्यापुरतं उरकून मुलं माझ्याकडे येतात आणि भूमिती मी तीन महिन्यांत भरायची?

शिरोली_पॅटर्न

सर, मग सर्टिफिकेटवर 'अ‍ॅडव्हान्स्ड मॉडेलिंग' लिहू नका.

क्लासचे_सर

ते नाव सगळेच लिहितात. मी एकट्याने 'बेसिक' लिहिलं तर समोरच्या गल्लीतला क्लास भरेल आणि माझा ओस पडेल. तुम्ही पगार देताना कोर्सचं नाव बघता ना? आधी ते थांबवा.

मोकळा_सोर्स

क्लासमध्ये चोरीचं सॉफ्टवेअर शिकवतात, त्यावर कोणी बोलत नाही. महागडं पॅकेज क्रॅक करून शिकायचं आणि छोट्या वर्कशॉपमध्ये लायसन्स नाही म्हणून तिथेही क्रॅकच. फ्रीकॅड (फुकटचं ओपन सोर्स कॅड) शिकवा ना. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आलं. आधी स्केच बदललं की फेसची नावं हलून पुढचं सगळं तुटायचं, तो त्रास त्यात बराच कमी झाला.

सरफेसवाली

फ्रीकॅडच्या पार्ट डिझाइनमधल्या लॉफ्टला गाईड कर्व्ह आहे का? नाही. मग या धाग्याच्या विषयात ते बसत नाही. लायसन्सचं बरोबर आहे, पण इथे जीभ कशी करायची त्यावर चाललंय.

मोकळा_सोर्स

कर्व्ह्ज वर्कबेंचमध्ये गॉर्डन सरफेस आहे. दोन्ही दिशांच्या वक्रांचं जाळं द्या, त्यावर पृष्ठ बसतं. गाईडचं काम होतं. वेगळं बसवावं लागतं, हे मान्य.

आयटीआय_ड्राफ्ट्समन

मी ड्राफ्ट्समन मेकॅनिकल केलंय, नंतर क्लासही केला. सरांनी वाईट वाटून घेऊ नये, पण तिथे लॉफ्ट म्हणजे खाली चौकोन, वर गोल, ओके. आकार पिळला की सर सांगायचे हिरवा ठिपका (दोन सेक्शनचे कोणते बिंदू जुळायचे ते दाखवणारा) ओढून बघ. तो का ओढायचा ते कळलं नोकरीत. चौकोनाला चार कोपरे, वर्तुळाला एकही नाही. वर्तुळाचे चार चाप केले की कोपऱ्यासमोर कोपरा येतो आणि ठिपका ओढायची गरजच पडत नाही. गाईड कर्व्ह सेक्शनला जवळून जाऊन चालत नाही, पिअर्स रिलेशन देऊन बिंदूत भिडावी लागते, हेही शेजारच्या टेबलावरच्या एका काकांनी शिकवलं. ते स्वतः ड्रॉइंग बोर्डवर वाढलेले. क्लासची फी भरायला आईने पोस्टातली आरडी मोडली होती, म्हणून हे मनाला लागतं.

क्लासचे_सर

चाप करण्याचं मी पुढच्या बॅचपासून घेतो. पण काका टेबलाशेजारी बसवणाऱ्या कंपन्या किती उरल्या, तेही एकदा मोजा. सगळ्यांना तयार माणूस हवा आणि तयार करायचा कोणी, तर क्लासने.

शिरोली_पॅटर्न

हे मात्र खरं बोललात. आमच्याकडंही हाताखाली पोरगं ठेवायला कुणी राजी नाही. वडिलांचे प्लायचे साचे माळ्यावर आहेत, शिकायला कुणी येत नाही.

एका_क्लिकात

धागा माझ्या विधानावर होता, तो क्लास, क्रॅक करत माळ्यावर पोचला. तर जिभेपुरतं मान्य. व्होल्यूटला शेल चालत नाही. कोअरसाठी मार्ग वेगळा लागतो हेही मान्य, शिरोलीवाल्यांसाठी. पण सक्शन बेंड, इनलेट डक्ट, साधी टाकी, यांना दोन लॉफ्ट करणं म्हणजे वेळेचा खून आहे, आणि तिथे मी माझं म्हणणं सोडणार नाही.

केसिंगवाला

सक्शन बेंडला शेल मीही मारतो, त्यात वाद नाही. फक्त आधी किमान वक्रता त्रिज्या तपासा. बाहेरच्या कोपऱ्याला ५ मिमीचं फिलेट (गोलाई) आणि शेल ८ आत, तर तिथे आतली त्रिज्या उणे ३ होते. सॉफ्टवेअर एक तर फेस गिळतं किंवा फीचर पडतं. फिलेट शेलनंतर द्या किंवा ८ पेक्षा मोठं ठेवा. हे तुमच्या कालच्या पोस्टमध्ये असतं तर मी लिहिलंच नसतं.

एका_क्लिकात

पाच मिनिटांच्या पोस्टमध्ये सगळं मावत नाही.

आयटीआय_ड्राफ्ट्समन

केसिंगवाले सर, एक शंका. क्षेत्रफळ कोनाच्या प्रमाणात म्हणजे शून्य अंशांवर शून्य. मग पहिलं सेक्शन कशाचं काढायचं? मी बिंदूपासून लॉफ्ट सुरू केला तर झाला, पण जिभेला फिलेट बसत नाही.

केसिंगवाला

बिंदूपासून करूच नका. तिथे सगळे फेस एकाच बिंदूत मिटतात, पुढे फिलेटला चालायला कडच उरत नाही. पहिलं खरं सेक्शन १५ ते २० अंशांवर घ्या, चापांसकट. त्याआधीचा भाग इंपेलरभोवतीच्या कड्यात जातो. ते कडं वेगळं रिव्हॉल्व्ह करून मार्गाच्या सॉलिडला जोडा. गळ्यापासून फ्लँजपर्यंतचा डिस्चार्ज वेगळा लॉफ्ट, सुरुवातीला आठव्या सेक्शनला टँजंट. तिन्ही जोडून झाले की बाहेरच्या अंगातून वजा करा आणि जिभेच्या धारेला फिलेट अगदी शेवटी द्या. त्यानंतर त्या प्रतलात सेक्शन काढून टोकाची जाडी मोजा. ती ओतता येण्याइतकी आहे का, ते शिरोलीवाल्यांना विचारून मगच फाइल पाठवा.

शिरोली_पॅटर्न

आणि जोडलेला मार्ग वेगळ्या फाइलमध्ये पाठवा. आकस आम्ही देतो, तुम्ही देऊ नका. नाहीतर दोनदा लागतो.