अनुभव धागा: वाचनालयाचा उंबरा

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. वाचनाचा एवढा जुना नाद असलेला हा भाग. कर्नाटकचा ग्रंथालय कायदा १९६५ चा, त्याप्रमाणे घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसतो. भाड्याच्या खोलीतला माणूसही तो घरमालकामार्फत भरतोच. तरी सरकारी वाचनालयात पेपर वाचणारे निवृत्त लोक आणि परीक्षांची तयारी करणारी मुलंच जास्त दिसतात. बाकीचे कुठं अडले? स्वतःचं किंवा डोळ्यांसमोर घडलेलं लिहा.

निपाणीहून
आई विड्या वळायची, दिवसाला हजार. शाळा सुटली की मी पानं कापायला बसायची. कारखान्यात माल घालून आम्ही परत येईपर्यंत वाचनालयाला कुलूप. रविवारी सुट्टी. म्हणजे आमच्यासाठी ते कधी उघडंच नव्हतं.

मग एक ग्रंथपाल आले. ते शनिवारी संध्याकाळी पुस्तकांची पिशवी घेऊन गल्लीतल्या देवळाच्या कट्ट्यावर बसायचे. मी पहिलं पुस्तक परत दिलं तेव्हा त्यातून तंबाखूचा चुरा सांडला. माझा जीव खाली-वर झाला. त्यांनी पुस्तक उलटं धरून कट्ट्यावर दोनदा झटकलं, पिशवीत ठेवलं आणि म्हणाले, “पुढचं कुठलं देऊ?” ते पुस्तक मी आईला आणि शेजारच्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. हात सुपात आणि कान माझ्याकडं. आई शाळेत गेली नव्हती, पण गोष्टीत कुठं थांबलोय ते तिलाच आठवायचं.

चिकोडी तालुका, नदीकाठ
ऑगस्ट २०१९ च्या पुरात घरातले कागद गेले. गावात पाणी ओसरल्यावर नुकसानभरपाईचा अर्ज कन्नडमध्ये भरायचा होता. आमच्या पिढीला बोलायला येतं, लिहायला नाही. वाचनालयातल्या पोरानं चार दिवस बसून लोकांचे अर्ज भरून दिले. त्याच्या कामात ते बसत नव्हतं. माझं म्हणणं, बसायला पाहिजे.

नाव नको
माझ्या आईला यल्लम्माला सोडलेलं. देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा १९८२ चा, पण अर्जातला ‘वडिलांचे / पतीचे नाव’ हा रकाना तसाच राहिला. नववीत असताना एका वाचनालयात गेले. तो रकाना मी मोकळा सोडला होता. टेबलामागच्या माणसानं सगळ्यांदेखत विचारलं, “का गं, बाप नाही?” पेपर वाचणारी चार डोकी वर झाली. अर्ज तिथंच टाकून आले.

नंतर कॉलेजला असताना दुसऱ्या गावच्या वाचनालयात तोच रकाना पुढं आला. तिथल्या बाईंनी पेन माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाल्या, “आईचं लिही की, चालतंय.” ते कार्ड अजून माझ्याकडं आहे.

ग्रामपंचायतीच्या वाचनालयातून
आमच्या पाटीवर आता ‘अरिवु केंद्र’, म्हणजे ज्ञान केंद्र, असं लिहिलंय. २०२० च्या ‘ओदुव बेळकु’ योजनेपासून शाळेच्या वयातल्या मुलांना सभासदत्व फुकट आहे. पण ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर बीडकडून मुलं येतात, ती गाळप संपेपर्यंतच. त्यांना इथला पत्ता कुठला? मी ‘कारखान्याजवळचं खोपटं’ असं लिहून पुस्तकं देतो. दोन-तीन परत येत नाहीत, ती गेलीत असंच धरतो. अडचण वेगळीच आहे: त्यांना मराठी चित्रांची पुस्तकं लागतात आणि माझ्याकडं एक फळीसुद्धा भरत नाही.

वर नाव न घालता लिहिलेल्या ताई, तुमचं वाचून आज अर्जांचा गठ्ठा काढला. आमच्याकडंही तोच रकाना. पट्टी धरून एकेका अर्जावर खोडला, वर ‘आई किंवा पालक’ लिहिलं. निम्मे झालेत, उरलेले उद्या.