अनुभव धागा : गावातलं जुनं घर आणि बेताचा पैसा

गावात जुनं घर घेऊन, किंवा बरीच वर्षं बंद असलेलं घर पुन्हा उघडून राहायला गेलेली मंडळी आपल्यात बरीच आहेत. दुरुस्ती झेपेल तेवढ्याच पैशात, रोजचा स्वयंपाक घरीच आणि जे आहे ते टिकवून वापरायचं, असं राहणाऱ्या सगळ्यांनी इथे आपला अनुभव लिहावा ही विनंती. गावात किती शांत वाटतं हे आपण सगळेच जाणतो, ते सोडून कामाचं लिहा. आधी काय केलं, काय मुद्दाम थांबवलं, पैसे कशावर घातले, कशाला हातच लावला नाही, आणि का.

सुरुवात माझ्यापासून करते. घर ताब्यात आल्यावर पहिला पाऊस पूर्ण होईपर्यंत आम्ही भिंती, फरशी, रंग कशाच्याही वाटेला गेलो नाही. फक्त छप्पर आणि पन्हळी केल्या. फुटकी कौलं बदलली, सरकलेली बसवली, पन्हळीतला पाचोळा काढला. मग पाऊस सुरू असताना छत्री घेऊन घराभोवती फिरायचं, पागोळ्यांचं पाणी कुठे पडतंय, कुठे साचतंय, कुठल्या कोपऱ्यात भिंतीवर उडतंय हे पाहायचं आणि तिथे खूण करायची. माळ्यावर बॅटरी घेऊन वाशांच्या टोकांना हात लावून पाहायचा, कारण लाकूड कुजतं ते बहुतेक वेळा भिंतीत शिरलेल्या टोकाशी. या खुणांवरून पुढच्या कामांची यादी आपोआप ठरली. भेटेल तो सांगत होता की आधी ओटा करून घ्या. पण छप्पर गळत असताना खाली केलेलं काम पुन्हा करावंच लागतं, म्हणून ओटा शेवटी केला.

* * *

ताई, अगदी पटलं. आमची कथा ओलीची आहे आणि ती जरा लांबेल.

आमच्या घराच्या भिंती दगड-मातीच्या, दगडांमधले सांधे बाहेरून चुन्याने भरलेले. आधीच्या मालकांनी खालच्या भागाला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट दिला होता. दिसायला छान. पण कमरेच्या उंचीला रंगाचे पापुद्रे सुटत होते आणि भिंतीला लोणा लागला होता, म्हणजे ओलीबरोबर आलेला पांढरा क्षार वर फुटला होता. बोलावलेल्या एका ठेकेदाराने भिंतीत भोकं पाडून रसायन भरायचा मोठा खर्च सांगितला. आम्ही थांबलो आणि आधी ओल येते कुठून हे शोधलं.

त्यासाठी एक साधी चाचणी आहे, प्रत्येकाने करावी. ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा घ्यायचा, भिंतीवर सपाट धरायचा आणि चारही कडा चिकटपट्टीने नीट बंद करायच्या. एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. फॉइलच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचे थेंब दिसले तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे, म्हणजे खिडक्या उघडा, स्वयंपाकाची वाफ बाहेर काढा. आतल्या, भिंतीकडच्या अंगाला थेंब असतील तर पाणी भिंतीतच आहे. आमच्याकडे आतलं अंग चिंब होतं.

कारण सापडलं बाहेर. वर्षानुवर्षं मातीची भर पडून, फरसबंदी होऊन अंगणाची पातळी जोत्याच्या वर आली होती. पावसाचं पाणी सरळ भिंतीत जात होतं, आणि सिमेंटमुळे त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. आपण ज्याला सिमेंट म्हणतो त्या पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं. त्याआधीची, आणि गावांत त्यानंतरचीही कितीतरी वर्षं, घरं माती आणि चुन्यातच बांधली गेली. या भिंती ओल घेतात आणि वाळताना सोडतात, त्यांचं सगळं गणित त्यावर बसवलेलं असतं. वर घट्ट थर बसला की ओल वर चढते, दगडाचे आणि मातीचे सांधे आतून भुगा होतात.

आम्ही भिंतीलगतची माती उपसून पातळी जोत्याच्या खाली नेली. खडीने भरलेला उताराचा चर काढून पाणी घरापासून लांब नेलं. मग सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोड्याने हळूहळू काढला, ओलीच्या रेषेच्या बराच वरपर्यंत. आणि भिंत उघडी ठेवली. सगळ्यात अवघड भाग हाच होता, कारण घर खडबडीत, अर्धवट दिसतं आणि येणारा-जाणारा विचारतो. पण जाड भिंतीला एक पूर्ण कोरडा ऋतू द्यावाच लागतो. ती सुकल्यावर मग चुन्याचा गिलावा. रसायन लागलंच नाही. सगळ्यात जास्त खर्च झाला तो कुदळ-फावड्याच्या मजुरीवर.

* * *

आमच्याकडे छपराचं पाणी साठवतो, त्याचा साधा हिशेब देते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. साठ चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पडला की ६०० लिटर, त्यातलं थोडं वाया जातं. क्षेत्रफळ धरायचं ते जमिनीवर पडणाऱ्या सावलीइतकं, उतरत्या कौलांचं नाही. पहिल्या सरीचं पाणी धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतं, ते सोडून द्यायचं. आम्ही हे पाणी धुणं, झाडं आणि बांधकामाला वापरतो. टाकीला जाळी आणि घट्ट झाकण हवंच, नाहीतर डास.

* * *

स्वयंपाकघराचं मी लिहिते, कारण आमची खरी बचत तिथेच झाली.

रोजच्या जेवणाचा कणा म्हणजे धान्य आणि कडधान्य. दोन्ही मोठ्या प्रमाणात घेऊन कडक वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यांत. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, दबला तर अजून ऊन हवं. कडधान्य शिजत नाही अशी तक्रार असेल तर तीन गोष्टी बघा. ते फार जुनं आहे का, पाणी जड आहे का, आणि आंबट पदार्थ आधी घातलाय का. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे दाणा मऊ पडायला वेळ लागतो. आंबट नेहमी दाणा शिजल्यावर घालायचं.

प्रेशर कुकर मला या घरातलं सगळ्यात उपयोगी भांडं वाटतं. साध्या भांड्यात पाणी १०० अंशांवर थांबतं, कुकरमध्ये दाबामुळे साधारण १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून वेळ आणि जळण दोन्ही निम्म्याहून कमी. पण कुकर नसेल तेव्हा आम्ही उबेची पेटी वापरतो. लाकडी खोक्यात सगळ्या बाजूंनी जुनी पांघरुणं किंवा कोरडं गवत दाबून भरायचं, मधे भांड्याच्या मापाची जागा. डाळ-भात खळखळून उकळला की झाकण न काढता भांडं पेटीत, वर उशी, आणि आपण शेतात. आल्यावर तयार. भांडं जड बुडाचं आणि जवळजवळ भरलेलं हवं, अर्धं भांडं लवकर निवतं. उघडल्यावर अन्न चटका बसेल इतकं गरम नसेल, साठ अंशांखाली गेलं असेल, तर बराच वेळ तसं ठेवून चालणार नाही, जंतू वाढतात.

आणि राजमा असा पेटीत नुसता गरम करून ठेवू नका. त्यात एक विषारी घटक असतो, तो कमी उष्णतेवर जात नाही. निदान पाच तास भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात सणसणीत उकळा. दहा मिनिटं तरी, मी अर्धा तास उकळते. त्यानंतरच पेटीत.

* * *

वरच्या ताईंना जोडून, भाज्या टिकवण्याबद्दल. मोसमात ढिगाने येणारी भाजी आम्ही मिठात आंबवतो. एक किलो चिरलेल्या भाजीला २० ते ३० ग्रॅम मीठ, हाताने चोळून पाणी सुटू द्यायचं, बरणीत दाबून भरायचं. भाजी कायम त्या पाण्याखाली राहिली पाहिजे, वर धुतलेला जड दगड ठेवा. वर आली की बुरशी. बाकी काम जंतूच करतात, आंबटपणा वाढत जातो आणि त्यामुळेच ती टिकते.

मात्र आंबट नसलेल्या भाज्या, शिजवलेलं कडधान्य साध्या पाण्यात उकळून बाटलीबंद करून कपाटात ठेवायचा मोह टाळा. बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जंतूंचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत, त्यांना दाबाखालची १२० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. वास आणि चव बदलेलच असं नाही. जेवढं ताजं तेवढं खा, उरलेलं वाळवा किंवा आंबवा.

* * *

मी सुतारकाम शिकलेलो आहे, म्हणून लाकडाचं बोलतो. जुन्या वाशांवर भोकं दिसली की लोक घाबरून सगळं छप्पर उतरवतात. थांबा. भोकाखाली पांढरा कागद पसरा, कडा चिकटवा, काही आठवडे ठेवा. कागदावर ताजी, पिठासारखी पूड पडली तर किडा आत आहे. काहीच नाही पडलं तर ती भोकं जुनी, किडा कधीच निघून गेलेला. मग टोचणीने दाबून पाहा. टोचणी सहज आत गेली तेवढाच भाग काढायचा, तिथे त्याच जातीचं वाळलेलं लाकूड सांधायचं. लाकडात ओल वीस टक्क्यांखाली असेल तर ते कुजायला लागत नाही, त्यामुळे पुन्हा तेच : आधी पाणी थांबवा.

दारं-खिडक्यांना जवसाचं तेल मला सगळ्यात आवडतं. पातळ हात, कापडाने चोळून. पण एक गोष्ट इथे कुणीही विसरू नका. तेलाने माखलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. हे तेल वाळताना हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन उष्णता निघते, आणि गोळा केलेल्या चिंध्यांत ती अडकून आपोआप आग लागू शकते. चिंधी बाहेर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

* * *

सगळ्यांचं वाचून आनंद झाला, पण एका बाबतीत मी वेगळं बोलणार. जुनं ते सगळं जपायचं नसतं आणि काटकसर सगळीकडे करायची नसते.

वीज. आमच्याकडे जुन्या तारांवरचं रबर बोटाने चुरा होत होतं. आम्ही रंग पुढे ढकलला, फर्निचर घेतलं नाही, आणि पूर्ण वायरिंग नवं केलं. अर्थिंग तपासून घेतलं, ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवला, वीज कुठे गळाली की तो लगेच पुरवठा तोडतो. घरात लहान मुलं आहेत, ओल्या हातांनी कामं होतात, इथे तडजोड नको.

जुना तेलरंग. त्यात शिसं असू शकतं, अमेरिकेत घरांच्या रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. असा रंग कोरडा घासला की धूळ उडते आणि ती मुलांच्या मेंदूला घातक असते. तो ओला करून खरवडायचा, मुलांना लांब ठेवायचं, किंवा नीट चिकटलेला असेल तर सरळ त्यावर नवा हात द्यायचा. आणि जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडायचे नाहीत, भोकं पाडायची नाहीत. काढायचेच तर जाणकार माणसाकडून, ओले करून, अख्खे.

* * *

चुन्याबद्दल एक विचारायचं होतं. प्लास्टिक पेंटवर चुन्याची सफेदी धरते का? आणि चुना घरी भिजवता येतो का?

* * *

मी, ओलीवाला, उत्तर देतो. प्लास्टिक पेंटवर नाही धरत. पृष्ठभाग शोषणारा हवा, त्यामुळे आधी तो रंग काढावाच लागतो.

घरी भिजवता येतो, पण तयार भिजवलेला मिळत असेल तर तोच घ्या. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून आलेला न भिजवलेला चुना, पाण्यात पडला की पाणी उकळायला लागतं आणि शिंतोडे उडतात. भिजवणारच असाल तर पत्र्याचं पिंप, त्यात आधी भरपूर पाणी, मग चुना थोडा थोडा. चुन्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्या. डोळ्यात गेलाच तर लगेच वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा. भिजलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो, कारण तो कडक होतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे.

सफेदी दुधाइतकी पातळ करा. भिंतीवर आधी पाण्याचा फवारा, मग आडवे-उभे ब्रश. ओली असताना जवळजवळ पारदर्शक दिसते, म्हणून घाईने जाड हात देऊ नका, वाळल्यावर पांढरी होते. रोज एक असे चार-पाच पातळ हात. कडक उन्हात लावू नका, फार लवकर वाळली तर भुकटी होऊन सुटते. आधी कपाटामागच्या कोपऱ्यात करून पाहा आणि वाळल्यावर तळहात फिरवा. थोडं पांढरं लागेलच. पापुद्रा सुटला तर खाली अजून पेंट शिल्लक आहे, तो पुन्हा खरवडा.