अनुभव धागा: दक्षिण फ्रान्समध्ये तंबू, गॅस आणि सहा अँपिअर

ओवरी
उन्हाळी सुट्टी जवळ आली की फ्रान्समधल्या कँपिंगबद्दल तेच ते प्रश्न फिरून येतात, म्हणून माहितगारांना आवतण. प्रवासवर्णनं आणि सूर्यास्ताचे फोटो दुसरीकडे टाका. इथे फक्त कामाचं लिहू या: काय बुक करायचं, काय न्यायचं, कुठे अडतं आणि का. आर्देश नदीचं खोरं आणि तिथून खाली प्रोव्हाँसपर्यंतचा मुलूख धरू. जर्मनी-नेदरलँड्सहून गाडी काढणारे आणि मुंबई-पुण्याहून व्हिसा काढून येणारे, दोघांच्याही कामी यावं.

सुरुवात बुकिंगपासून. तंबूच्या जागेला 'आंप्लासमाँ' म्हणतात आणि दर बहुधा 'फोरफे'चा, म्हणजे दोन माणसं, एक तंबू, एक गाडी मिळून. तिसरं माणूस, मुलं, वीज, दुसरा छोटा तंबू हे सगळं वर चढतं. शिवाय प्रत्येक प्रौढामागे रात्रीगणिक स्थानिक कर, 'ताक्स द सेजूर'. अठराच्या आतल्यांना तो नाही. वीज बुकिंगच्या वेळीच मागा, कारण प्रत्येक जागेपाशी खांब असतोच असं नाही. 'काँपिंग म्युनिसिपाल' म्हणजे गावाने चालवलेलं: पोहण्याचा तलाव बहुधा नाही, करमणूक नाही, पैसे कमी. झोपायला आणि अंघोळीलाच थांबायचं असेल तर मला तेच बरं वाटतं.

वेळेचं मात्र कडक असतं. कार्यालय दुपारी १२ ते २ बंद असणं नेहमीचंच. गाड्यांचा अडसर रात्री १० च्या सुमाराला पडतो आणि सकाळी ७ च्या सुमाराला उघडतो. उशीर झाला की गाडी बाहेर आणि सामान डोक्यावर. त्यातून जुलै-ऑगस्टचा शनिवार असेल तर लियोंहून दक्षिणेला उतरणारा ए-७ महामार्ग तुंबलेला असतो. 'बिझाँ फ्युते' या सरकारी अंदाजात दिवसांना हिरवा, नारिंगी, लाल, काळा असे रंग देतात. काळ्या दिवशी निघूच नका, मंगळवार-बुधवार धरा.

भातुकली
गॅसबद्दल सविस्तर लिहिते, कारण पहिल्या संध्याकाळी उपाशी राहायची वेळ बहुतेक याच्यामुळेच येते.

डबे तीन तऱ्हेचे. एक आट्यांचा: भारतातले ट्रेकर वापरतात तो, १००, २३०, ४५० ग्रॅमच्या आसपास. दुसरा काँपिंगाझ या कंपनीचा, खटक्याने बसणारा, डब्यावर सीव्ही ३०० किंवा सीव्ही ४७० लिहिलेलं असतं. तिसरा भोक पाडून लावायचा, सी २०६. तो एकदा शेगडीला बसला की रिकामा होईपर्यंत काढायचा नाही. गावातल्या सुपरमार्केटात बहुधा दुसरा आणि तिसरा मिळतो. तुमच्या पिशवीत आट्यांची शेगडी असते, ती दोन्हींवर बसत नाही. आट्यांचे डबे डेकॅथलॉनमध्ये मिळतात, म्हणून ते मोठ्या शहरातूनच उचला, आणि रविवारी नको. खटका ते आटे असा जोड मिळतो, तो मुक्कामाला नेण्याआधी एकदा लावून बघा: रबराची चकती जागेवर आहे ना, साबणाच्या पाण्याला बुडबुडे येतात का.

विमानात भरलेला डबा चालत नाही, चेक-इन सामानातही नाही. वापरलेली शेगडी धुऊन, गॅसचा वास पूर्ण गेल्यावरच भरा.

अंदाज: दोन माणसांचा दोन वेळचा साधा स्वयंपाक आणि चहा धरला तर ४५० ग्रॅमचा डबा चारेक दिवस पुरतो. डब्यावर बसणाऱ्या तीन पायांच्या शेगडीवर तीन लिटरचा कुकर ठेवू नका, तोल जातो. वाऱ्याला आडोसा म्हणून सगळीकडून पत्रा गुंडाळू नका. आच परतून डबाच तापतो.

पाचपोच
भातुकलीताईंच्या यादीत विजेची भर. जागेवरची वीज ६ अँपिअरची घेतली असेल तर ६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे १३८० वॉट, बस्स. सुपरमार्केटातली किटली २००० च्या वर खाते, लावली की खटका पडतो. खटक्याची पेटी बऱ्याच ठिकाणी कुलपात असते आणि किल्ली असते बंद झालेल्या कार्यालयात. पुढची रात्र टॉर्चवर. राइस कुकर ५०० वॉटचा आणि किटली हजाराच्या आतली घ्या, आणि दोन्ही एकदम लावू नका.

पिन दोन प्रकारची: निळी, गोल, तीन खुंट्यांची औद्योगिक पद्धतीची, किंवा घरगुती फ्रेंच सॉकेट, ज्यातून अर्थिंगची खुंटी बाहेर डोकावते. निळी पिन लावलेली केबल आणि घरगुती सॉकेटसाठीचा जोड, असं दोन्ही ठेवा. केबल तीन तारांची, २.५ चौरस मिमी, २५ मीटर. रीळ पूर्ण उलगडायचं. गुंडाळलेल्या केबलमधली उष्णता बाहेर पडत नाही आणि वेष्टण वितळतं.

चकवा
तंबूच्या खुंटीला फ्रेंचमध्ये 'सार्दिन' म्हणतात, मासळीच्या नावानं. दुकानात हात करून दाखवायची गरज नाही.

आर्देश आणि प्रोव्हाँसची जमीन चुनखडीची, वर चार बोटं माती, खाली दगड. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सार्दिना पहिल्या दोन घावांत वाकतात. पोलादी, गोल, जाड खिळ्यासारख्या २० सेंमीच्या दहा-बारा घ्या आणि एक हातोडी. दगड लागला तर तिथेच ठोकत बसू नका. हातभर सरकून दुसरी जागा बघा, दोरी तेवढी लांब करा. ऱ्होन खोऱ्यात मिस्त्राल नावाचा जोराचा वारा उत्तरेकडून येतो, कधी सलग काही दिवस. तंबूची बुटकी, निमुळती बाजू उत्तरेला ठेवा आणि दार दक्षिणेला. पाइनखाली सावली मिळते, पण चीकही गळतो. तो कापडावरून सहज निघत नाही.

रानभूल
नियम. रानात कुठेही तंबू टाकायची मुभा इथे नाही. आर्देशच्या घळीच्या राखीव क्षेत्रात रात्र काढायला दोनच जागा आहेत, गो आणि गूर्निए, आणि दोन्हींचं आधी आरक्षण लागतं. व्हालों-पोन-दार्कपासून खाली सोझपर्यंत ३२ किमी होतं, ते होडीने दोन दिवसांत करायचं तर रात्र यांपैकी एका ठिकाणी. होडीत बसायला मूल किमान सात वर्षांचं हवं आणि पोहता यायला हवं. सहा वर्षांच्या मुलासह बेत आखला असेल तर आत्ताच बदला, घाटावर हुज्जत घालून उपयोग नाही.

डोंगरात 'बिव्हुआक' म्हणजे संध्याकाळी लावून सकाळी उचलायचा छोटा तंबू. मर्कांतूर आणि एक्रँ राष्ट्रीय उद्यानांत तो संध्याकाळी ७ ते सकाळी ९ चालतो, तेही सडकेपासून किंवा उद्यानाच्या हद्दीपासून तासभर चालून गेल्यावर. मार्सेयच्या कालांकमध्ये, म्हणजे समुद्रकाठच्या खडकाळ कड्यांत, साफ बंदी.

आगीचं तर विचारूच नका. दक्षिणेत जंगलापासून २०० मीटरच्या आत विस्तव पेटवायला मनाई असते, आणि उन्हाळ्यात कँपमध्येही कोळशाची शेगडी बहुधा बंद. व्हार आणि बूश-द्यु-रोन जिल्ह्यांत उन्हाळ्यात जंगलवाटा रोजच्या धोक्यानुसार उघडतात किंवा बंद होतात. दुसऱ्या दिवसाचा नकाशा आदल्या संध्याकाळी लागतो, तो बघूनच झोपा.

शिक्कामोर्तब
व्हिसावाल्यांसाठी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा. राहण्याचा पुरावा प्रत्येक रात्रीचा लागतो. कँपसाइटचं पक्कं आरक्षण चालतं, पण त्यावर बरोबरच्या सगळ्यांची नावं हवीत. एकाच्या नावावर 'दोन प्रौढ' एवढंच असेल तर कँपला मेल करून नावांसह नवीन पत्र मागा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो वर्षभर चालतो. मूळ लायसन्सही जवळ हवंच.

सामानात तूप, पेढे, बर्फी नको. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय नाही.

भातुकली
तुपाचं दुःख नको, तिथलं लोणी कढवलं की झालं. मसूर डाळ 'लांतीय कोराय' नावाने मिळते. भिजवायला नको, कुकर नको, पंधरा-वीस मिनिटांत शिजते. रव्याची मात्र फसगत होते: 'समूल' लिहिलेल्या खोक्यात बऱ्याचदा कुसकुस निघतो. तो आधीच वाफवलेला असतो, उपम्यासारखा पाण्यात शिजवला तर लगदा. फोडणी करायची, पाणी उकळायचं, गॅस बंद करून कुसकुस घालायचा आणि पाच मिनिटं झाकण. खरा रवा हवा तर पाकिटावर 'फीन' बघा आणि कण बोटाने चाचपा. पोहे नाहीतच, घरून आणा.

पाचपोच
फुटकळ: पोहण्याच्या तलावात पुरुषांना घट्ट चड्डीच लागते, सैल शॉर्ट्स आणि टी-शर्ट घालून उतरू देत नाहीत. संडासात कागद नसण्याची तयारी ठेवा. सकाळचा पाव आदल्या संध्याकाळी कार्यालयात सांगून ठेवावा लागतो.

ओवरी
सप्टेंबरात गेलं तर? गर्दी नाही, दरही उतरलेले.

रानभूल
चालेल, पण नदीला लागून जागा घेऊ नका. सप्टेंबर ते नोव्हेंबर सेव्हेनच्या डोंगरांवर भूमध्य समुद्राकडचे ओले वारे अडतात आणि काही तासांत धो-धो कोसळतं. आर्देश तेव्हा रात्रीतून मीटरच्या मीटर चढते, आणि तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडं असतानाही, कारण पाऊस वर पडलेला असतो. मेतेओ-फ्रान्स या हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग नारिंगी झाला की उजेड आहे तोवर तंबू वरच्या टप्प्यावर हलवा आणि गाडीचं तोंड फाटकाकडे करून ठेवा. कँपमध्ये शिरल्याबरोबर फलकावर बाहेर पडायची वाट दाखवलेली असते, ती एकदा पायी चालून या.