रत्नागिरीत एकटाच राहतो. महिना अडीच हजारांत दोन वेळचं जेवण कसं बसवावं?

उदगीरचा पाहुणा

नमस्कार मंडळी. मी मूळचा उदगीरचा. मार्चपासून रत्नागिरीत कंत्राटी नोकरीला आहे. हातात साडेचौदा हजार येतात. खोलीभाडं चार हजार, घरी पाच हजार पाठवतो. बहिणीचं कॉलेज चालू आहे, त्यामुळे त्यात कपात करणार नाही. एक जुना हप्ता, वीजबिल, येणं-जाणं धरलं तर जेवणाला अडीच हजारच उरतात. सध्या दोन वेळचा डबा लावलाय, त्याचेच बत्तीसशे जातात. सकाळचा चहा-वडापाव वेगळाच. महिनाअखेरीला उसनवारी ठरलेली.

खोलीत इंडक्शन शेगडी, तीन लिटरचा स्टीलचा कुकर, तवा आणि कढई आहे. फ्रिज नाही. सकाळी साडेआठला बाहेर पडतो, परतायला सात वाजतात. अंडी, मटण खातो, मासे इथे आल्यावर चाखले आणि आवडले. घरमालकांची माशांना हरकत नाही.

अडचण अशी आहे की आमच्याकडे स्वस्त म्हणजे ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी. इथे ज्वारी महाग, भाजी घाटावरून येते म्हणून तीही महाग. काम उभ्याचं आहे, त्यामुळे उपाशी राहून पैसे वाचवायचे नाहीत. रोज पोटभर काय करून खाऊ ते सांगा.

चिपळूणची लेक

दादा, आधी घरी फोन करून तुमचं रेशनकार्ड कुठलं आहे ते विचारा. पिवळं किंवा प्राधान्य कुटुंबाचं केशरी असेल आणि त्यावर तुमचं नाव आधारला जोडलेलं असेल, तर तुमच्या वाट्याचं धान्य इथल्या रेशन दुकानातही अंगठा लावून मिळतं. एक देश एक रेशनकार्ड म्हणतात ते हेच. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. फक्त एक लक्षात घ्या, तुम्ही इथे उचललेलं धान्य तिकडे घरच्यांच्या वाट्यातून कमी होतं. तेव्हा आईला विचारूनच ठरवा.

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. पण ती दुपारच्याच वेळेत मिळते. तुमच्या कामाच्या जवळपास केंद्र आहे का आणि ते चालू आहे का, हे एकदा जाऊन बघा.

वस्तीची गाडी

बाळा, मी एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त आहे. घर राजापूर तालुक्यात, पण नोकरी दापोली, गुहागर, लांजा अशी फिरतीची झाली. वस्तीच्या गाड्या भरपूर केल्या. रात्री शेवटच्या गावाला गाडी लागली की तिथे हॉटेल कुठलं असणार? मी आणि ड्रायव्हर वातीच्या स्टोवर शिजवायचो. पगार बेताचे होते, घरी पोरं शिकत होती, म्हणजे तुझ्यासारखंच गणित होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोकणात स्वस्त खायचं तर आजचा भाव बघून भागत नाही, महिना बघावा लागतो. मे महिन्यात जी वस्तू अंगणाअंगणात वाळत पडलेली असते, तीच जुलैत शोधावी लागते. म्हणून आमच्याकडे पावसाआधी आगोटीची खरेदी करतात. आता मे लागलाय, तुझ्या हातात तीन-चार आठवडे आहेत. या महिन्यात चारशे-पाचशे जास्त गेले तरी जाऊ देत, ते पुढच्या तीन महिन्यांत परत येतात.

सगळ्यात आधी कुळथाची पिठी घे. तयार दळलेली मिळते, बचत गटाच्या बायका विकतात ती ताजी असते. एक किलो घेऊन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. तुझं पिठलं बेसनाचं, आमचं कुळथाचं, एवढाच फरक. कुळथात शंभर ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, तूरडाळीच्या तोडीस तोड. आणि डाळीसारखं आधी शिजवून घ्यावं लागत नाही, म्हणून तू सात वाजता थकून आलास तरी हे होतं. चमचाभर तेलात पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून टाक, कांदा, मिरची, हळद परत. दीड-दोन भांडी पाणी घालून उकळी आली की एका हाताने पिठी वैर आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. मीठ घाल, दोन-तीन आमसुलं टाक, पाच मिनिटं रटरटू दे. एका माणसाला तीन-चार मोठे चमचे पिठी पुरते. खाली गरम भात, वर ही पिठी. भरपावसात घरी गेल्यावर मी अजूनही हेच मागतो.

दुसरं म्हणजे आमसूल. कोकमाचा हंगाम आत्ताच चालू आहे. पाव किलो आमसूल आणि जमलं तर एक बाटली आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घेऊन ठेव. पावसात टोमॅटो महागला की तू त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस. आमटी, भाजी, मासे, सगळ्याला आंबटपणा आमसुलाचा. अपचन वाटलं, जड झालं, तर गरम पाण्यात आमसूल, मीठ, चिमूटभर साखर आणि जिऱ्याची फोडणी देऊन सार कर.

तांदूळ. पॉलिश केलेला चकचकीत घेऊ नकोस. गावठी जाडा तांदूळ किंवा उकडा घे, जुना असला तर उत्तम. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि भात फुगतो, त्यामुळे तेवढ्याच तांदळात पोट जास्त भरतं. उकडा तांदूळ शिजायला वेळ घेतो आणि इंडक्शनचं बिल येतं, म्हणून रात्री भिजत घाल. सकाळी त्याची पेज कर: मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, मीठ. बरोबर लोणच्याची फोड किंवा रात्रीची उरलेली सुकी भाजी. वडापावचे रोजचे पंधरा-वीस रुपये तिथेच वाचतात, आणि उभ्याच्या कामाला पेजेवर दुपारपर्यंत माणूस टिकतो. आमच्याकडचे शेतकरी पेज खाऊनच नांगराला जातात. दिवाळीनंतर भाताची झोडणी झाली की ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट तांदूळ घे, दुकानापेक्षा बराच स्वस्त पडतो.

आता मासे. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताजा मासा परवडणार नाही, त्याच्या नादाला लागू नको. त्यासाठी सुकट. सुका जवळा, म्हणजे वाळवलेली अगदी बारीक कोळंबी, अर्धा किलो घे. रोज खायची वस्तू नाही, मूठभर जवळ्यात एक वेळचं कालवण होतं, त्यामुळे अर्धा किलो दोन महिने सहज पुरतो. कोरड्या तव्यावर भाजून हाताने चोळ, चाळून माती काढ, धुऊन घे, मग कांदा-मिरचीवर परत. बटाटा किंवा वांगं घातलं की वाढतं.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होत जातो, मग तारली, बांगडा, मांदेली भरभरून येते. पापलेट-सुरमईच्या टोपलीपाशी थांबायचं नाही. तारली मागायची. लहान मासा आहे, काटे आहेत, पण अंगाला लागतो आणि सगळ्यात स्वस्त. संध्याकाळी बाजार उठताना जा, मासेवालीला उरलेले वाटे घरी न्यायचे नसतात. मात्र गिल म्हणजे कल्ले उघडून बघ, लाल नसेल तर फुकट दिला तरी घेऊ नको. फ्रिज नाही म्हणून पातळ कालवण करू नकोस, तिखलं कर: मिरचीपूड, हळद, भरपूर आमसूल, चार-पाच तिरफळं (माशात घालतात तो कोकणातला मसाला), थोडं तेल आणि अगदी जेमतेम पाणी. रात्री केलेलं सकाळी पुन्हा नीट उकळी काढून डब्याला नेता येतं. त्यापुढे ठेवू नको.

भाजीचं कोडं पाऊसच सोडवतो. पहिल्या सरींनंतर टाकळा, मग कुरडू, फोडशी, भारंगी, कुड्याच्या शेंगा. गावातल्या बायका टोपलीत घेऊन बाजाराच्या कडेला बसतात, जुडी दहा-वीस रुपयांना. तू स्वतः रानात जाऊन खुडू नकोस, ओळख नसताना भलतंच हाताला लागतं. त्या बायकांनाच विचार कशी करायची, त्या हौसेने सांगतात. भारंगी कडू असते, उकडून पाणी टाकून द्यावं लागतं. अळवाला आमसूल घातल्याशिवाय खाऊ नकोस, घसा खाजेल.

आणि आठळ्या! लोक फणस खाऊन आठळ्या टाकून देतात. घरमालकांकडे फणस फोडला की मागून घे, धू, सावलीत वाळव. कुकरला मीठ घालून उकडल्या की संध्याकाळची भूक भागते. टाकळ्याच्या भाजीत घातल्या तर फारच चांगल्या लागतात.

एक कळकळीची विनंती. तेल कमी कर, नारळ कमी कर, पण कडधान्य आणि अंडी कमी करू नकोस. नुसता भात आणि लोणचं खाऊन पैसे साठवणारी पोरं मी डेपोत पाहिली आहेत. पाच-सहा महिन्यांत ती आजारी पडायची आणि साठवलेलं सगळं डॉक्टरकडे जायचं.

मालवणी मुलूख

काकांनी काळे वाटाणे कसे सोडले? रात्री भिजत घालायचे, सकाळी कुकरला सहा-सात शिट्ट्या. सध्या नारळाचा भाव पाहता वाटणाला अर्धी वाटी खोबरंही जड जातं, म्हणून मी शिजलेल्या वाटाण्यातलेच दोन चमचे घेते, भाजलेल्या कांदा-लसणाबरोबर ठेचते आणि मालवणी मसाला घालून रश्श्याला लावते. दाटपणा येतो, खोबरं चमचाभर पुरतं. गोकुळाष्टमीला आमच्याकडे आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेगलाची भाजी असते. शेगल म्हणजे शेवग्याचा पाला, तो तर शेजारी मागितला तरी मिळतो.

भाकरीची सवय असेल तर तांदळाच्या पिठात नाचणीचं पीठ निम्मं घाला. ज्वारीपेक्षा इथे तेच सोपं मिळतं. थापायचा कंटाळा आला तर नुसत्या तांदळाच्या पिठाचे घावणे. पीठ, पाणी, मीठ, तवा तापलेला हवा, बाकी काही लागत नाही.

उदगीरचा पाहुणा

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आईशी बोललो. आमचं कार्ड केशरी, प्राधान्याचंच आहे, पण घरी धान्य पुरून उरत नाही, म्हणून माझा वाटा तिकडेच राहू देतो.

काका, तुमचं वाचून कागदावर मांडलं. तांदूळ आठ किलो चारशे, पिठी, वाटाणे आणि मसूर मिळून साडेचारशे, तेल दीडशे, तीस अंडी दोनशेदहा, कांदा-बटाटा-लसूण दोनशे, भाजी चारशे, जवळा किंवा मासे तीनशे, चहा-दूध-साखर अडीचशे, मीठ-मसाला शंभर. बेरीज चोवीसशे साठ येते. बसतंय! दोन शंका आहेत. इथे पावसात लाईट फार जाते म्हणतात, मग इंडक्शनचं काय? आणि जवळा कुठे घेऊ, ओळखू कसा?

चिपळूणची लेक

लाईटसाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या. ओळखपत्रावर मिळतो, इथल्या पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोमागे घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडतो, म्हणून रोज वापरू नका. लाईट असेल तेव्हा इंडक्शन, नसेल तेव्हा गॅस, असं केलं तर एकट्या माणसाला बरेच महिने जातो. सुरुवातीचे पैसे एकदम भरावे लागतात, ते एखाद्या महिन्यात बसवा. आणि नवीन भांडं घ्याल तर सपाट बुडाचं, चुंबक चिकटणारं घ्या. ॲल्युमिनियम साध्या इंडक्शनवर तापत नाही.

वस्तीची गाडी

हिशोब चांगला मांडलास. भाजीचे चारशे जून-जुलैत अडीचशेवर येतील, वाचलेले सिलिंडरला लाव. रेशनचा तुझा वाटा तिकडेच ठेवलास ते फार बरं केलंस.

जवळा मिरकरवाड्याच्या, म्हणजे रत्नागिरीच्या मासळी बंदराच्या, बाजूला मिळेल. सुट्टीच्या दिवशी सकाळी जा आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारूनच घे. मूठभर हातात घेऊन दाबून बघ. चुरचुरला तर नीट वाळलेला. हाताला चिकटला किंवा आंबूस वास आला तर ठेव परत, तो पहिल्याच पावसात बुरशी धरतो. घरी आणल्यावर दोन दिवस कडक ऊन दे, गार होऊ दे आणि मगच डब्यात भर. गरम असताना झाकण लावलंस तर आत घाम सुटतो. मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नको, वळवाचा पाऊस आला की वाळवायला ऊन मिळत नाही.